आळशाचो धोंडो

आमच्या वाडीतून वर मोटाररस्त्याला यायचं तर घाटी चढावी लागते. घाटी म्हणजे काही मोठा घाट नव्हे. जांभ्या दगडातून, काजूच्या झाडांमधून वाकडीतिकडी जाणारी पायवाट. खाली दर्या, वर एस्टीचा थांबा, आणि पहिल्याच वळणावर एक बसका, टेकायला सोयीचा धोंडा. त्याला सगळी वाडी 'आळशाचो धोंडो' म्हणायची. तो आळशी कोण, हे परक्या माणसालाही विचारावं लागत नसे, कारण बहुतेक वेळा मी त्यावर बसलेलीच असायची. शाळेला निघालेली पोरं मला ओलांडून जायची, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका जायच्या, म्हातारा पोस्टमनसुद्धा जायचा आणि जाता जाता म्हणायचा, "काय सुलोचनाबाई, आजचो मुक्काम हंयच काय?" मी हसायची. आतून जळफळाट व्हायचा, पण हसायची. चढ लागला की माझ्या पोटऱ्या अशा आवळायच्या की बोट लावलं तर दगडाला लावल्यासारखं वाटे. छाती धडधडायची. पाय पुढे टाकीन म्हटलं तरी पाय माझं ऐकत नसे. मग काय करणार, बसायचं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पोरगी अशक्त आहे म्हणून कुणी कीव केली असती, कुणी देवाला नारळ ठेवला असता. पण मी थोडी बसून उठायची, सावकाश पावलं टाकायला लागायची, आणि दुसरं वळण सरलं की कुठे गेलं ते दुखणं कुणास ठाऊक! पाय हलके व्हायचे, दम परत यायचा, आणि पुढे गेलेल्या सगळ्यांना गाठून मी एस्टीच्या थांब्यावर पहिली उभी. इथेच माझं नशीब फुटलं. जी पोरगी खाली मेल्यासारखी बसते ती वर हरणासारखी पळते, तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? "बघलास? नाटकी मेली!" असं बायका एकमेकींना म्हणायच्या, आणि खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

आमच्या घरात आळसाला जागा नव्हती. आबा, म्हणजे माझा बाप, रापणीचा तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते दर्यात गोलाकार सोडतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात, आणि वाडीतली माणसं दोन रांगांनी त्या ओढतात. जाळं कुठे सोडायचं, कधी ओढायचं, कधी ढील द्यायची, हे सगळं आबाच्या आवाजावर. उंचीने बेताचा, पण खांदे असे की दोन्हीकडे पोतं ठेवलं तर पडणार नाही. आबाच्या तोंडून 'दमलंय' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. तापाने फणफणला असतानाही तो उभ्याने पेज प्यायचा. माणसं काम करत असताना बसणं हे त्याच्या लेखी चोरीच होती. पहाटे त्याचा खोकला, मग आईची चुलीवरची फुंकर, मग उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा धूर, आणि मग आबाची हाक, "सुले, उजाडला गो! म्हशी उठल्यो!" माझ्या लहानपणाच्या सगळ्या सकाळी अशा एकाच साच्याच्या आहेत. अजूनही कुठे सुका बांगडा भाजला की मला दचकायला होतं.

घरकामातही तीच रड. पाट्यावर वाटण वाटायला बसले की खोबरं अर्धं वाटून होईस्तोवर हात भरून यायचे. विहिरीवर मात्र मी एक युक्ती शोधली होती. पहिल्यांदा अर्ध्या अर्ध्याच कळशा ओढायच्या, मधे कुणाशी तरी गजाली, म्हणजे गप्पा, करायच्या, रहाटाला उगीच तेल आहे का बघायचं. एवढं झालं की मग भरलेल्या कळशा कितीही ओढा. कुणी शिकवलं नव्हतं, अंगानेच शिकवलं होतं. पण आमची काकी, आबाच्या थोरल्या भावाची बायको, विधवा, जिभेने तिखट आणि हाताने मऊ, ती हे सगळं ओसरीवरून बघायची आणि म्हणायची, "ह्या चेडवाक कामाआधी गजालींचो नैवेद्य दाखवूक लागता." घरात हशा व्हायचा. मीसुद्धा हसायची. एखादी गोष्ट सगळे इतक्या खात्रीने सांगायला लागले की आपल्यालाही ती खरी वाटते. मला खरोखरच वाटायचं की माझ्या आत कुठेतरी एक आळशी बाई बसली आहे आणि ती माझे पाय धरते.

त्या दिवशी सोमवार होता. कुणकेश्वराचा म्हणून माझा उपवास. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन कडकडत होतं. सकाळपासून पोटात फक्त कोकमाचं पाणी, त्याचा दाट लाल रस म्हणजे आगळ घालून, मीठ टाकलेलं. साखर घरात होती, पण ती पाहुण्यांची. त्या पाण्यात दोन चमचे साखर पडली असती तर कदाचित हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं. आमच्याकडे नियम असा होता की रापणीत ज्या घराचा वाटा, त्या घराने दोन माणसं दोरीला द्यायची. आबा एक. दुसरा माझा भाऊ, पण तो नुकताच मुंबईला नोकरीला गेला होता, आणि त्याच्या जागी आई ओढायची. आईच्या बोटाला नखुरडं झालं होतं, बोट सुजून टोमॅटोसारखं. आबाने दारातूनच सांगितलं, "सुले, आज तू ये गो दोरयेर. आवशीचा बोट सुजला."

आई आतून म्हणाली, "उपास आसा तिचो. निसता कोकमाचा पाणी घेतल्यान तिना."

"मगे? मी उपास धरून रापण ओढलंय नाय काय?"

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते ऐकणार कोण? मी ओढणी कमरेला खोचली आणि गेले. किनाऱ्यावर पोचते तोच दाजी ओरडला. दाजी आमचा शेजारी, आबाच्या बरोबरीचा, त्याची जीभ म्हणजे सारखी वाजणारी घंटा. "काय रे तांडेला, आज आळशाचो धोंडोच उचलून हाडलंस काय?" सगळी रांग हसली. आबा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी मनात म्हटलं, आज मेले तरी चालेल, पण दोरी सोडणार नाही. माणसाने असलं काही मनात म्हणू नये.

एरवी रापण संथ चालते. ओढायचं, थांबायचं, रांगेतला मागचा माणूस पुढे जाऊन दोरी धरतो, असं. तसं झालं असतं तर माझ्या अंगाला सुरुवातीचा तो वेळ मिळाला असता. पण दोरीला हात लावतो न लावतो तोच होडीवरून आरोळी आली. पाणी काळंभोर दिसत होतं, बांगड्यांचा मोठा थवा जाळ्यात आला होता, वर घारी आणि कावळ्यांचा गोंधळ, आणि त्यातच पाण्याला उलटी ओढ लागलेली. ढील दिली तर जाळं उलटणार. आबाचा आवाज घुमला, "म्हावरा लागलेला आसा! दोरी कोणी सोडूची नाय! ओढा!" पाण्यात मासा असताना दोरी सोडणारा माणूस पुढे वर्षभर वाडीच्या तोंडी राहायचा. आम्ही ओढायला लागलो. पहिल्या काही ओढी बऱ्या गेल्या. मग दंडात आग पेटली. मग मनगटात. मग पाठीत, मांड्यांत. वाळूत टाचा रोवून मी मागे रेलले. समोर दाजीची घामाने भिजलेली पाठ, कानात आबाचं "ओढा, ओढा". रोजच्यासारखं बसावं असं अंग ओरडून सांगत होतं. मी बसले नाही.

आता मला जे कळतं ते सांगते. ते मला गोव्याच्या एका डॉक्टरीणबाईने कागदावर पेनने चित्र काढून समजावलं होतं, आणि पुढे मी मिळेल ते वाचत गेले. कुणाच्याही अंगात स्नायू काम करतो तो रापणीसारखाच. स्नायूच्या आत बारीक धाग्यांच्या जुड्या असतात, जाड धागे आणि पातळ धागे. जाड धाग्यांना डोळ्यांना न दिसणारे हात असतात. ते पातळ धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, जरा पुढे धरतात, पुन्हा ओढतात. असं लाखो हातांनी केलं की आपला एक दंड आखडतो. माणसाला वाटतं ताकद ओढायला लागते. तशी सोडायलाही लागते! इंधन संपलं की धरलेला हात धरलेलाच राहतो. हे तयार इंधन स्नायूत अगदी थोडं असतं, दोनचार हिसक्यांपुरतं. ते संपलं की स्नायू स्वतःच साठवून ठेवलेली साखर फोडतो आणि नवं इंधन करतो. माझ्या स्नायूंत ती साखर आहे, कणगी गच्च भरलेली आहे, पण कणगीचं तोंड उघडायला जे लागतं ते माझ्या अंगात जन्मापासून नाही. मग मला रक्तातून येणाऱ्या साखरेची आणि चरबीची वाट बघावी लागते. ती येते, पण सावकाश येते, आणि मी सावकाश चालले तरच येते. एकदा आली की मग मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणजे त्या धोंड्यावर मी बसायची ती आळस म्हणून नव्हे. माझं अंग घरच्या बंद कणगीपुढे बसून बाजारातून येणाऱ्या तांदळाची वाट बघायचं.

पण रापणीवर वाट बघायला कोण देणार? जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा मी उभी होते हेच नवल. बांगडे वाळूवर तडफडायला लागले, पाट्या आल्या, ओरडा झाला, माणसांनी दोऱ्या टाकल्या. मी टाकली नाही. दाजीने मागे वळून बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "बघा रे बघा! सोडल्यान नाय अजून चेडवान! तांडेलाचा रगत ता!" लोक जमले. कुणीतरी पाठीवर थाप मारली, ती मला सुरी खुपसल्यासारखी लागली. आबा गर्दीतून आला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्याआधी फक्त भावासाठी बघितलं होतं. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक होत होतं, आणि मला ओरडून सांगायचं होतं की अरे बाबांनो, मी धरलेली नाही, ती सुटत नाहीये! सुजलेलं बोट सांभाळत आई पाटी घेऊन आली होती. तिने माझा हात हातात घेतला.

"सोड गो बाय, झाला आता. सोड."

"आये, बोटां सुटनत नाय गो."

आईने एकेक बोट उलगडून दोरी काढली. बोटं पुन्हा वाकडी ती वाकडीच. दंड फुगून टणक झाले होते. आईचा चेहरा उतरला, पण भोवती सगळे हसत होते आणि बांगडे चांदीसारखे चमकत होते, तेव्हा तिनेही पाटी उचलली.

घरी येऊन मी ओसरीवर आडवी झाले ती उठेचना. काकीने निदान केलं, "पयल्यांदा ओढल्यान ना, अंग आंबला. त्याल लावन चोळूक व्हया." आणि तिने खोबरेल गरम करून, आपल्या मऊ हातांनी, मनापासून, जीव लावून मला चोळलं. प्रत्येक चोळण्याला माझ्या डोळ्यांपुढे काळोख यायचा. काकी मला आवडायची, म्हणून मी दात आवळून गप्प राहिले. आज मी सांगते, फुटलेल्या स्नायूला चोळण्यासारखं वाईट काही नाही. पण तेव्हा ते माया करण्याचं एकच साधन होतं आणि काकीने ते हात आखडता न घेता वापरलं. संध्याकाळी मी भिंतीला धरून न्हाणीत गेले. लघवी लाल. तांबूस, गडद, आगळात पाणी घातल्यासारखी. मी आईला हाक मारली. आईच्या आधी काकीच आली, तिने वाकून बघितलं, आणि हसली.

"अगो, भियालंस कित्याक? सकाळपासून कोकमच ढोसलंस ना? ताच उतारला. उष्णता वाढली हा. आणखी दी गो तिका कोकम, थंड पडात."

आईलाही ते पटलं. मलाही पटलं! किती बरं वाटलं म्हणून सांगू? आणि खरंच, आमच्या वाडीत कुणालाही तेच सुचलं असतं. ज्या घरात कोकमाची सोलं वाळत घातलेली, सारात कोकम, कढीत कोकम, पित्ताला कोकम, त्या घरात लाल रंग म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? मला तांब्याभर कोकमाचं पाणी दिलं. रात्री आणखी. आबा गोठ्यातून म्हशींचं बघून आला आणि दारातूनच म्हणाला, "कशी आसा माझी रापणकारीण?" त्याच्या आवाजातला तो लाड ऐकून मी दुखणं सांगितलंच नाही. म्हटलं, बरी आहे. एवढं कौतुक वाट्याला आलेलं, ते एका दिवसात कशाला घालवा?

दुसऱ्या दिवशी मी उलट्या करत होते. कोकम पोटात ठरेना. म्हणून आईने ते बंद करून नुसतं पाणी आणि पेजेवरची निवळ द्यायला सुरुवात केली. लघवी आता फार थोडी होत होती आणि होती ती आणखी काळी, कोऱ्या चहासारखी. काकी म्हणाली, कालचंच उतरतंय. माझ्या पापण्या सुजल्या, पाय सुजले. मी मरत होते, आणि बाहेर ओसरीवर लोक येऊन आबाला सांगत होते की तुझ्या पोरीने काल रापण वाचवली. मला आतून ते ऐकू यायचं. मधेच मला गुंगी यायची, मधेच जाग, आणि जाग आली की छतावरच्या वाशांना मी विचारायची, कोकम अजून किती उतरायचं राहिलं?

त्याच दुपारी मला उठवेना आणि अंथरूण ओलं झालं. सोळा वर्षांची घोडी मी, लाजेने अर्धी झाले. आई ती पांढरी चादर घेऊन मागच्या दगडावर गेली. धुण्याच्या काठीचा आवाज यायला लागला, थप, थप, थप, आणि एकाएकी थांबला. मग आई चादर तशीच ओली, साबणाच्या फेसासकट, हातात घेऊन आत आली. पदराला पाणी गळत होतं. ती माझ्याकडे न बघता काकीला म्हणाली, "वैनी, कोकमाचो डाग साबणान निळो पडता ना?"

"पडता मगे. दरवर्साक सोलां करताना आपले परकर बघतंस नाय काय."

"ह्यो पडना नाय." आईने चादर पुढे धरली. डाग तसाच तपकिरी. "कितीव साबण घातलंय, डाग तसोच रवता. वैनी, ह्यां कोकम न्हय. ह्यां चेडवाच्या आंगातला काय ता जाता."

काकीचं तोंड उघडंच राहिलं. तिने आपल्या तेलकट हातांकडे बघितलं. मग आई जी ओरडली, तशी ती जन्मात ओरडली नव्हती. "आवो! तुमी येतात काय आता हंय? चेडू मराता!" आबा ओसरीवरून धावत आला. चादर बघितली, मला बघितलं. खाली वाकला आणि मला पाठीवर घेतलं.

ती घाटी मी आबाच्या पाठीवरून चढले. माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर, त्याच्या मानेचा खारट वास, त्याच्या छातीचा ठोका माझ्या पोटाला लागत होता. दाजी मागून पळत आला. "माका दी रे तिका थोडा, तू दमलंस!" "मी दमाक नाय," आबा म्हणाला, आणि धोंडा आला तसा मागे गेला. पहिल्यांदाच आम्ही तिथे थांबलो नव्हतो. वर म्हावऱ्याचा टेम्पो उभा होता, आदल्या दिवशीच्या बांगड्यांच्या उरलेल्या पाट्या भरत होते. त्या पाट्या खाली उतरवल्या आणि मला बर्फाच्या ओल्या फळीवर निजवलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणीच हात झटकले नाहीत, उलट स्वतः जीप शोधून दिली आणि सांगितलं, इथे वेळ घालवू नका, सरळ गोव्याला न्या, मूत्रपिंड बंद पडत चाललंय. आबाने 'मूत्रपिंड' हा शब्द जीपमध्ये परत परत उच्चारून बघितला. त्याला तो शब्द पाठ करायचा होता की विसरायचा होता, मला कळलं नाही.

गोव्याच्या इस्पितळात माझ्या हातात सलाईन आणि खाली लघवीची पिशवी लावली. आबा स्टुलावर बसून त्या पिशवीकडे बघत राहायचा, दर्याकडे बघायचा तसा. थेंब पडतो का? पडला. दुसरा कधी पडणार? माझा जीव त्या पिशवीला टांगलेला होता आणि माझ्या बापाचाही. डॉक्टरीणबाई बारीक, चष्म्याची, कमी बोलणारी. तिने सांगितलं, "हे रक्त नव्हे. हिचे स्नायू फुटलेत आणि त्यांचा रंग रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसलाय. एवढं फुटायला काय झालं?" आबाने रापणीचं सांगितलं. इतर सगळ्यांनी ओढलं, त्यांना काही झालं नाही, हेही सांगितलं. ती विचारात पडली. मग तिने विचारलं, "लहानपणापासून काही त्रास? चढताना, पळताना?"

ऑफिसात, इस्पितळात आबा पुस्तकी मराठी बोलायचा. ताठ उभा राहून तो म्हणाला, "त्रास नाही बाई. आळशी आहे जरा. चढ लागला की बसते. हातपाय आखडले म्हणून नाटक करते. पण थोड्या वेळाने बघा, सगळ्यांच्या आधी वर पोचते. म्हणजे अंगात काही नाही. पहिल्यापासूनची खोड..."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "परत सांगा," ती म्हणाली. "थोड्या वेळाने काय होतं?"

आबाने परत सांगितलं, पण या वेळी सावकाश, एकेक शब्द चाचपत, आणि शेवटचं वाक्य पूर्ण केलं नाही. डॉक्टरीणबाईच्या तोंडावरूनच त्याला काहीतरी कळलं असावं. ती म्हणाली, "ही खोड नाही हो. हाच आजार आहे. फार थोड्या लोकांना असतो. थोडं थांबून मग बरं वाटतं, हीच त्याची खूण." पुढे माझ्या मांडीतला मांसाचा तुकडा तपासायला मुंबईला गेला आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. पण आबाला मुंबईच्या कागदाची गरज लागली नाही. तो स्टुलावर बसला आणि त्याने माझ्या वाकड्या बोटांवर आपला हात ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं! इतकी वर्षं मी सांगत होते! मी हात काढून घेतला. मग पिशवीत थेंब पडला, मग आणखी एक, पिवळसर, आणि आबा खाली वाकून, पिशवीजवळ तोंड नेऊन, हुंदके देऊन रडायला लागला. तेव्हा मी हात परत त्याच्या हातात दिला.

हल्ली किनाऱ्यावर पोलीस भरतीच्या मुली पळायला येतात. त्यांचा शिकवणारा पोरगा शिट्टी फुंकून ओरडतो, दुखतंय म्हणजे ताकद वाढतेय! परवा एक मुलगी बसली तर त्याने तिला सगळ्यांसमोर 'नाटकं बंद कर' म्हटलं. मी या वयात काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले आणि असा झापला की बिचारा अजून मला बघितलं की रस्ता बदलतो. त्या मुलीला बहुतेक नुसता कंटाळा आला होता. असू दे.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं: कामाआधी साखर, दुखायच्या आधी थांबायचं, मग सावकाश. महिनाभराने परत तपासायला जायचं होतं. सकाळची एस्टी, घाटीवर शाळेची पोरं, पाटीवाल्या बायका, बाजारची गर्दी. आईने साखरपाणी पाजून पाठवलं होतं. आबा माझ्या पुढे चालत होता. पहिलं वळण आलं. माझ्या पोटऱ्या अजून नुसत्या कुरकुरत होत्या, आवळल्या नव्हत्या, आणि मी चार लोकांदेखत बसायला कचरत होते. आबा थांबला, पिशवी खाली ठेवली, आणि सगळ्यांच्या वाटेत, त्या आळशाच्या धोंड्यावर, पाय पसरून बसला. शेजारी जागा करून त्याने मला हाताने खूण केली. मी बसले. पोरं वळून वळून बघत गेली. मग खालून दाजी आला, डोक्यावर टोपली, आणि ते दृश्य बघून जागच्या जागी उभा राहिला.

"काय रे तांडेला," तो म्हणाला, "तू आणि हंय?"

आबाने खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. तोंडावर घामाचा टिपूससुद्धा नव्हता.

"दमलंय रे," आबा म्हणाला. "चेडवाक म्हटलंय, वायच थांब माझ्यासाठी."